पिशव्या होत्या, तरी ओल होती: ४१० कॉमिक्सच्या एका घरगुती संग्रहाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नमुन्याचे आहे. घरोघरच्या संग्रहांत विखुरलेल्या दिसणाऱ्या चुका इथे एकाच फडताळात गोळा केल्या आहेत, म्हणजे त्या एकमेकींना कशा पोसतात ते दिसेल. या संग्रहाकडे कोणी दुर्लक्ष केले नव्हते. पिशव्या घेतल्या होत्या, डांबरगोळ्या ठेवल्या होत्या, फडताळाची दारे घट्ट लावली होती. नुकसान त्या काळजीतूनच झाले.

सुरुवातीची स्थिती

एकूण ४१० अंक. त्यातले १६० जुने, न्यूजप्रिंटवर छापलेले. २०५ नंतरचे, गुळगुळीत मुखपृष्ठाचे आणि बऱ्या कागदाचे. ४५ मोठ्या, मासिकाच्या आकाराचे. सगळे भिंतीतल्या प्लायवूडच्या फडताळात, खालच्या दोन कप्प्यांत. फडताळाच्या मागची भिंत न्हाणीघराची.

तिन्ही गटांची साठवण वेगळी होती. जुने अंक छपाईच्या कागदाच्या रिकाम्या खोक्यात, एकावर एक रचलेली सुमारे ३५ सेंटिमीटरची चळत करून, पिशवीविना. नवे अंक पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांत, बोर्ड म्हणजे अंकाच्या पाठीशी ठेवायचा ताठ पुठ्ठा न घालता, तोंडाला सेलोटेप लावून उभे. मोठ्या आकाराचे अंक कार्यालयीन फाइलच्या पारदर्शक, जाड, चिकट स्पर्शाच्या खिशांत.

फडताळ उघडले की कुबट वास आणि त्यावर डांबरगोळ्यांचा. मोजणीत निघाले ते असे: ९ अंकांवर बुरशी, ३१ अंकांच्या पिनांना गंज, १७ अंकांची मुखपृष्ठे कसरीने खरवडलेली, आणि मोठ्या आकारातले ६ अंक खिशाला चिकटलेले. जुन्या चळतीतल्या जवळजवळ प्रत्येक अंकाचा कणा एका बाजूला सरकलेला.

आधी मोजमाप

अशा वेळी पहिला मोह होतो तो नव्या पिशव्या मागवण्याचा. तो आवरावा. दमट अंक चांगल्या पिशवीत घातला तर ओल आतच राहते, आणि चांगली पिशवी ती जास्त चांगली राखते. म्हणून पहिले १५ दिवस एकही अंक नव्या पिशवीत गेला नाही. दोन डिजिटल आर्द्रतामापक घेतले, एक फडताळात आणि एक खोलीच्या मध्यावर, आणि सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवली.

स्वस्त आर्द्रतामापकावर तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये. तपासणी सोपी आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधे मीठ घ्यावे, त्यात थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखे करावे. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. हे झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत १२ ते २४ तास ठेवावे. खोलीच्या साधारण तापमानाला आत ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता तयार होते. इथे एक मापक ७४ दाखवत होता आणि दुसरा ७१. दुसऱ्याच्या प्रत्येक नोंदीत ४ मिळवले. हे केले नसते तर फडताळातली ६६ ही नोंद 'काठावर का होईना, चालेल' म्हणून सोडून दिली गेली असती. ती प्रत्यक्षात ७० होती.

दुरुस्त नोंदी: खोलीच्या मध्यावर ५२ ते ५८ टक्के, फडताळात ६८ ते ७४. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर असली आणि हवा हलत नसली, की बुरशीला आणखी फारसे काही लागत नाही. कागद, सरस आणि धूळ हे तिचे अन्न आयते असते.

एकाच घरात, दोन मीटर अंतरावर हा फरक कसा? पाणी कुठून गळत नव्हते. न्हाणीघराची भिंत खोलीपेक्षा थंड असते. २६ अंश सेल्सिअस आणि ५५ टक्के आर्द्रतेची हवा बंद फडताळात जाऊन २१ अंशांपर्यंत निवली, की तीच हवा, तेवढ्याच बाष्पासह, सुमारे ७४ टक्क्यांवर जाते. घट्ट लावलेली दारे ही हवा कोंडून ठेवतात. धूळ येऊ नये म्हणून दारे बंद ठेवणे शहाणपणाचे, पण थंड भिंतीच्या फडताळात त्याची किंमत अशी मोजावी लागते.

काहींचा इथे सिलिका जेलच्या पुड्यांवर भरवसा असतो. फडताळाला फटी असतात आणि प्लायवूडमधून व भिंतीतून बाष्प येतच राहते. चार पुड्या एक-दोन दिवसांत भरतात आणि नंतर नुसत्या पडून राहतात. सिलिका जेल उपयोगी पडते ते घट्ट झाकणाच्या लहान डब्यात, आणि तेही वेळच्या वेळी सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा कोरडे केले तर. रंग बदलणारे घ्यायचे तर नारिंगी घ्यावे. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असते, ते घरात नको.

प्रत्येक गटाचे नुकसान वेगळे का

न्यूजप्रिंट हा कागद लाकूड यांत्रिक रीतीने दळून केलेल्या लगद्याचा असतो, त्यामुळे त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे द्रव्य, राहते. उजेड आणि प्राणवायू लागला की लिग्निन पिवळे-तपकिरी पडते. जुन्या कागदाला शाई पसरू नये म्हणून रोझिन (राळ) आणि तुरटीचे संस्करण दिलेले असते, त्यातून आम्ल तयार होते आणि ते कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडते. कागद ठिसूळ होतो तो यामुळे. ओलावा आणि उष्णता या विक्रियेला वेग देतात. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढले की वेग दुप्पट. हे आतून चालणारे काम आहे, कुठलीही पिशवी ते थांबवत नाही. सावकाश मात्र करता येते.

कणा सरकण्याचे कारण चळत. घडी आणि पिनांमुळे कॉमिक्स कण्याच्या बाजूला जाड असते. सगळे कणे एकाच बाजूला ठेवून ३५ सेंटिमीटर रचले की चळत मोकळ्या कडेकडे कलते, आणि तळाच्या अंकांवर दहा किलोहून जास्त वजन तिरके पडते. दमट कागद मऊ असतो, तो त्या आकारात बसतो. आडवे ठेवायचेच असेल तर १५ सेंटिमीटरच्या वर जाऊ नये आणि दर १० अंकांनी कण्याची बाजू उलटी करावी.

नव्या अंकांच्या पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या होत्या, म्हणजे मूळ वस्तू वाईट नव्हती. पण बोर्ड नसल्याने अंक आत घसरून खालच्या कोपऱ्यांवर उभे राहिले आणि कोपरे दुमडले. सेलोटेपने वेगळाच घोटाळा केला. पिशवीतून अंक वर ओढताना उघड्या झाकणीवरचा चिकट भाग मुखपृष्ठाला लागतो आणि शाईचा पापुद्रा घेऊन येतो. सात मुखपृष्ठांवर वरच्या कडेजवळ असे पांढरे डाग होते. मालकाला ते छपाईचे दोष वाटत होते.

मोठ्या आकाराचे खिसे पीव्हीसीचे. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात घातलेली द्रव्ये काळाने बाहेर झिरपतात, पृष्ठभाग चिकट होतो, शाई त्यावर उतरते. शिवाय पीव्हीसी विघटन पावताना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडते. घरातल्या सगळ्या साहित्यात हेच सर्वांत आधी बाहेर काढायचे. ओळख: नव्या रेनकोटसारखा वास आणि बोटाला जाणवणारा चिकटपणा.

डांबरगोळ्यांचा हिशेब थोडक्यात: नॅप्थलीनची वाफ माणसाला घातक, तिचे स्फटिक थंड पृष्ठभागावर जमतात, काही प्लास्टिके तिने मऊ पडतात, आणि इतके होऊनही कसर मजेत होती. काढून टाकाव्यात.

जागा

चार पर्याय होते. फडताळाचा वरचा कप्पा भिंत तीच असल्याने बाद. माळा छताखाली तापतो. आम्लयुक्त कागदाला ती सर्वांत वाईट जागा, आणि शिडीवरून जड पेटी उतरवताना पडली तर निवाडा तिथेच. पलंगाखाली धूळ आणि जमिनीवरचे पाणी. उरली ती झोपायच्या खोलीतली आतली भिंत, जिच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत आणि वरून पाण्याची नळी जात नाही. नळीची बाब खात्री करून घ्यावी. पुष्कळ संग्रह ओलीने हळूहळू न जाता एका फुटलेल्या सांध्याने एका रात्रीत गेलेले असतात.

तिथे पावडर कोटिंग केलेली लोखंडी मांडणी ठेवली. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेले फळे) फॉर्माल्डिहाइड सोडतात, ओकसारखे लाकूड ॲसिटिक आम्ल. बंद कपाटात ते साचते. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर, मागे भिंतीपासून ८ सेंटिमीटर मोकळे. लक्ष्य ठरवले: ४५ ते ५० टक्के आर्द्रता, तापमान शक्यतो २० अंशांच्या आसपास, आणि एका दिवसात आर्द्रतेचा चढउतार ५ टक्क्यांच्या आत. वर्षभर १८ अंश राखणे घरात बहुतेकांना जमत नाही. स्थिर २५ अंश हे रोज १९ आणि २९ मध्ये हेलकावणाऱ्या खोलीपेक्षा बरे. दमट महिन्यांसाठी आर्द्रताशोषक यंत्र ५० टक्क्यांवर लावून ठेवले, खोलीचे दार बंद करून. दार उघडे असेल तर ते यंत्र सगळे घर कोरडे करायला निघते आणि काहीच कोरडे करत नाही.

कोरडे करणे आणि कीड

बुरशीचे ९ अंक पहिल्याच दिवशी वेगळ्या खोलीत हलवले. ओली बुरशी पुसली की कागदात घुसते, म्हणून आधी कोरडे करणे. अंक किंचित उघडून, उभे, हलत्या हवेत पण पंख्याच्या थेट झोतात नाही. उन्हात तर नाहीच. लाल आणि पिवळे रंग उन्हाला सर्वांत आधी बळी पडतात. बुरशी भुकटीसारखी झाल्यावर उघड्या हवेत, एन-९५ मुखपट्टी, हातमोजे आणि चश्मा घालून, मऊ कुंचल्याने अंगापासून दूर झटकली. डाग राहिले. ब्लीच किंवा स्पिरिट लावून ते काढण्याचा प्रयत्न केला नाही, कारण शाई आधी जाते आणि डाग मागे राहतो.

बाकीचे अंक दहा-दहाच्या गटांत कोरड्या खोलीत उभे ठेवले. कधी थांबायचे हे नजरेने कळत नाही, वजनाने कळते. एक गट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज मोजला. ७० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर येताना कागद आपल्या वजनाच्या साधारण दोन-तीन टक्के पाणी सोडतो. ६५० ग्रॅमच्या गटात १५-२० ग्रॅम. २४ तासांत वजन हलले नाही की तो गट तयार. बहुतेक गटांना ५ ते ७ दिवस लागले. एक गट घाईने दुसऱ्या दिवशीच पिशवीत गेला. आठवड्याने त्यातली आठ मुखपृष्ठे लाटांसारखी उठलेली निघाली. परत काढून कोरडी केली. पाच बसली, तीन तशीच राहिली.

कसर लागलेले १७ अंक आणि त्यांच्या शेजारचे ४० गोठवले. पद्धत: पॉलिथिलीनच्या पिशवीत, हवा काढून, तोंड चिकटपट्टीने बंद, त्यावर दुसरी पिशवी. घरच्या फ्रीझरचे तापमान साधारण उणे १८ असते, म्हणून दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता २४ तास. हीच पायरी चुकते: थंड अंकावर खोलीतली हवा लागली की पाणी धरते, आणि आठवड्यांचे कोरडे करणे दहा मिनिटांत वाया. बुरशी मात्र गोठवून मरत नाही, फक्त थांबते.

पिशवी, बोर्ड, पेटी

जुन्या पिशव्यांतून अंक ओढून काढले नाहीत. पिशवीची बाजू आणि तळ बोथट टोकाच्या कात्रीने कापून ती पुस्तकासारखी उघडली. वेळ दुप्पट लागतो, पण टेपने एकही नवे मुखपृष्ठ गेले नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे. सुती हातमोजे नकोत, त्यात बोटांची जाणीव जाते आणि ठिसूळ कडा अडकून तुटतात.

माप प्रत्येक गटाचे घेतले. आजचा नेहमीचा अमेरिकन आकाराचा अंक सुमारे १६.८ बाय २६ सेंटिमीटर असतो. जुने अंक उंचीला तेवढेच पण रुंदीला एक-दोन सेंटिमीटर जास्त. आजच्या मापाच्या पिशवीत जुना अंक 'बसतो' तेव्हा त्याची मोकळी कड दुमडून बसलेली असते. पिशवी अंकापेक्षा ५-६ मिलिमीटर रुंद हवी, बोर्ड अंकापेक्षा २-३ मिलिमीटर. बोर्ड पिशवीएवढाच रुंद घेतला तर तो कमानीसारखा वाकतो आणि अंकालाही वाकवतो.

साहित्याची वाटणी अशी केली. जुन्यांपैकी सर्वांत ठिसूळ व मालकाला प्रिय असे ४५ अंक ५० मायक्रॉनच्या पॉलिएस्टर पिशव्यांत, म्हणजे बोलीभाषेतल्या मायलरमध्ये, पूर्ण जाडीत आम्ल शमवणारे कॅल्शियम कार्बोनेट असलेल्या बोर्डासह. बाकी सर्व पॉलिप्रॉपिलीनमध्ये, ०.६ मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बोर्डासह. सगळ्यांना पॉलिएस्टर देण्यात अर्थ नव्हता. त्याची कड धारदार, स्थितिक वीज बरीच. ज्या अंकाच्या कडांचे तुकडे पडत आहेत ते तुकडे ते ओढून घेते. म्हणून अंक आधी बोर्डावर ठेवून, दोन्ही मिळून पिशवीत सरकवायचे. पॉलिप्रॉपिलीन काही वर्षांत बदलावे लागते. पाच ते सात वर्षे ही संग्राहकांत चालणारी मुदत धरली.

बोर्डावर 'ॲसिड-फ्री' लिहिलेले असते त्यावर थांबू नये. पीएच तपासणीचे पेन मिळते; त्याची रेघ जांभळी उमटली तर बोर्ड आम्लमुक्त, पिवळी तर आम्लयुक्त. एक बोर्ड बळी द्यावा: पृष्ठभागावर रेघ, मग त्याचा थर सोलून आत रेघ. इथल्या एका गठ्ठ्यात वर जांभळी, आत पिवळी आली. म्हणजे मुलामा तेवढा चांगला. तो गठ्ठा पेट्यांतल्या फटी भरायलाही ठेवला नाही. हे पेन अंकावर कधीही वापरू नये, रेघ पुसत नाही. वस्तू छायाचित्र-सुरक्षित आहे का हे सांगणारी आयएसओ १८९१६ ही चाचणी ज्या साहित्यावर नमूद असते ते घेणे अधिक निर्धास्त.

झाकणी बोर्डाच्या मागे दुमडून आत सरकवली. टेप नाही. पूर्ण हवाबंद पिशवीत आम्लयुक्त कागदाचे स्वतःचे बाष्प त्याच्याच भोवती साचते. झाकणीची फट त्याला वाट देते.

गंजलेल्या पिना काढल्या नाहीत. आर्द्रता ५० च्या खाली आली की गंज जवळजवळ थांबतो, आणि पिन उचकटताना घडीवरचा कागद फाटतो. शिवाय बदललेली पिन जाणत्या खरेदीदारापासून लपत नाही, ती दुरुस्ती म्हणून धरली जाते. फाटलेल्या कडांनाही चिकटपट्टी नाही.

पेट्या आखूड घेतल्या, आतून सुमारे ३८ सेंटिमीटर लांबीच्या, आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या. अंक, बोर्ड आणि पिशवी मिळून जाडी साधारण २.७ मिलिमीटर, बोटे घालायला दोन-तीन सेंटिमीटर सोडले की १३० अंक. ३६५ अंकांना तीन पेट्या, मोठ्या आकाराला वेगळी चौथी. लांब पेटीत दुप्पट मावतात, पण ती २० किलोच्या वर जाते आणि उचलताना तळ झोळीसारखा लोंबतो. प्लास्टिकच्या पेट्यांचा विचार होऊन सुटला: पुठ्ठा हवेतला ओलावा थोडा शोषून-सोडून चढउतार मऊ करतो, प्लास्टिक आत अडकलेला ओलावा तसाच ठेवते. पूर येणाऱ्या तळघरात हिशेब उलटा होईल.

सहा महिन्यांनी

पेट्यांत आर्द्रता ४६ ते ५१. कुबट वास पहिल्या दोन महिन्यांत गेला. नवी बुरशी नाही; मांडणीच्या पायांशी ठेवलेल्या चिकट सापळ्यांत पहिल्या महिन्यात चार कसरी, नंतर एकही नाही.

एक गोष्ट चुकली. तिसरी पेटी १०५ अंकांवर थांबली होती आणि मागची जागा रिकामी सोडली होती. मागचे वीस-पंचवीस अंक हळूहळू कलून कमानीत बसले, बोर्डांसकट. अंक उलट तोंडाने लावून, मागे पेटीच्या रुंदीच्या पुठ्ठ्याच्या घड्यांचा ठोकळा बसवला. सहा आठवड्यांत बहुतेक सरळ झाले. भरलेली पेटी तपासायची खूण अशी: मधला अंक दोन बोटांनी ओढला तर शेजारचे दोन वर येऊ नयेत, आणि काढल्यावर जागा आपोआप मिटू नये.

पीव्हीसीला चिकटलेल्या सहांपैकी दोन खिसा कापून हळूच मोकळे झाले. उरलेले चार ओढले असते तर मुखपृष्ठ खिशावरच राहिले असते. ते खिशासकट, मागेपुढे बोर्ड लावून, इतरांपासून वेगळ्या खोक्यात आहेत. त्यांचे काम कागद-संवर्धकाचे. चारही पेट्यांच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने पिशव्या भरल्याची तारीख, अंकांची संख्या आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहिली आहे. तिसऱ्या पेटीवर शिवाय 'ठोकळा काढू नये'.